पहिलं नको

पद्मजाकाकूंचं बूड एका जागी टेकत नाही, हे अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. कुणाकडे जेवायला गेल्या तरी हात धुवायला म्हणून सिंकपाशी जातील, आणि घरची बाई येऊन बघते तो अर्धी भांडी घासून झालेली. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस-एक वर्षं उभ्याने काम केलेली बाई. बसणं हा प्रकार अंगवळणीच पडला नाही. पण त्या कड्यावरच्या हॉटेलात त्यांनी जे चालवलं होतं ते निराळंच होतं. खोली आवरणारी मुलगी यायच्या आत यांनी चादरी ताणलेल्या, टॉवेलच्या घड्या घातलेल्या, बेसिन घासलेलं. मग गच्चीवर जायचं, समुद्र बघितल्यासारखं करायचं, लगेच खोलीत परत यायचं, बॅगेतले कपडे काढायचे आणि पुन्हा बॅगेतच भरायचे. अहो, सुट्टीला आलाय ना तुम्ही? पण नाही. जीव नुसता वरखाली होत होता.

ही सुट्टी मुलाने दिलेली. मुलगा निहार, जन्म अमेरिकेतलाच, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बायको नैना, तीही इथेच वाढलेली, आणि नऊ वर्षांची मुलगी अनया. गेल्या महिन्यात काकूंचं नेपरव्हिलचं घर विकलं गेलं. तेव्हा निहार म्हणाला, आई, यू नीड अ ब्रेक, आणि त्याने विमानाचं तिकीट पाठवलं. मग फ्रीमाँटहून चार तास गाडी हाणत सगळ्यांना या हॉटेलात आणलं, वळणावळणाच्या रस्त्याने, अनयाला दोनदा उलटी होईपर्यंत.

हॉटेल एका इटालियन कुटुंबाचं. आताच्या मालकाचे आजोबा भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातून आले. तिथे म्हणे घरं अशीच कड्याच्या टोकाला धरून उभी असतात. कॅलिफोर्नियाचा हा कडा बघून त्यांना आपलं गाव आठवलं आणि त्यांनी इथे दहा-बारा खोल्या बांधल्या. निळ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, कुंड्यांमधून लिंबाची झाडं, सगळं अगदी तिकडच्यासारखं. आता गाव आठवलं ते ठीक, पण ऊन कुठून आणणार? खाली पॅसिफिक, आणि बारा वाजले तरी धुकं हटायला तयार नाही. वेबसाइटवरच्या फोटोंत बायका बिनबाह्यांच्या कपड्यांत सरबत पीत बसलेल्या, आणि काकूंच्या अंगात स्वेटर, स्वेटरवर शाल, शालीवर निहारचं जाकीट.

पण काकूंची तगमग थंडीने नव्हती. खरं दुखणं काय ते ऐका.

प्रतापकाका जाऊन पावणेदोन वर्षं झाली. वर्षश्राद्ध आटोपलं, आणि त्यानंतर मार्चमध्ये एक दिवस निहारचा फोन आला. म्हणाला, आई, तू आमच्याकडे येऊन राहशील का? खालची खोली रिकामीच आहे. काकूंना इतका आनंद झाला की हातातला झारा कढईतच राहिला. आणि त्या आनंदात त्या काय म्हणाल्या असतील? "नको रे बाबा. मला कशाला? तुमचं तुमचं छान चाललंय."

यावर निहार म्हणाला, "ओके आई. आय रिस्पेक्ट दॅट."

झालं. संपलं. फोन ठेवला आणि काकू कढईपाशी उभ्या. दुसरा फोन आज येईल, उद्या येईल, रविवारी तर नक्कीच. रविवारी फोन आला, पण तो अनयाच्या पोहण्याच्या क्लासबद्दल होता.

काकू नागपूरच्या. त्यांच्या माहेरी पंगतीत पहिल्यांदा नको म्हणणं हे नुसतं रीतीचं असायचं, त्याला कुणी नकार मानत नसे. वाढणाऱ्याने विचारायचं, आपण नको म्हणायचं, वाढणाऱ्याने अहो घ्या हो म्हणायचं, आपण ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं अशी फाकवून की मधून जिलबी आरामात खाली पडावी. एकदाच विचारून पुढे सरकणाऱ्याला घरात कद्रू म्हणत. पहिल्या विचारण्याला लगेच हो म्हणणारा तो हावरट. आता सांगा, अशा घरात वाढलेली बाई, मुलाने एकदा विचारल्यावर टुणकन उडी मारून हो म्हणणार का?

आणि गंमत अशी की मुलगा कसा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. निहार सहावी-सातवीत असताना त्याचा एक अमेरिकन मित्र घरी आला होता. काकूंनी त्याला तिसऱ्यांदा उपमा वाढायला घेतला तेव्हा हाच पोरगा सगळ्यांसमोर ओरडला होता, मॉम, ही सेड नो. मित्र गेल्यावर त्याने आईला समजावून सांगितलं होतं की माणूस नाही म्हणाला की ऐकायचं असतं, नाहीतर तो अपमान होतो. शाळेत शिकवलं होतं म्हणे. काकूंना तेव्हा कौतुकच वाटलं. पोरगं सरळ आहे, सांगितलेलं ऐकतं, म्हणून धाकट्या बहिणीला, मंजुषाला, फोन करून सांगितलं होतं. तेच कौतुक आता नडलं.

एप्रिल गेला, मे गेला. शेवटी काकूंनीच हातपाय हलवले. एवढं मोठं घर, बर्फ काढायला माणूस मिळत नाही. मग घर विकायला काढलं आणि गावातच ज्येष्ठांसाठीच्या अपार्टमेंटमध्ये एक खोली ठरवली. यातसुद्धा डाव होताच. घर विकतेय म्हटल्यावर तरी विचारेल. निहारने विचारलं नाही. उलट मदतीला आला, चार दिवस राबून सामान बांधून दिलं, आणि जाताना म्हणाला, आय ॲम सो प्राउड ऑफ यू, आई. काकू हसल्या, आणि तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडल्या.

येत्या एक तारखेला त्या खोलीत राहायला जायचं. म्हणजे जे काय व्हायचं ते या हॉटेलातल्या तीन दिवसांत. परत एकदा विचार, एवढंच त्यांचं मागणं. त्याने विचारलं की या वेळी त्या हो म्हणणार होत्या. अगदी लगेच नाही, पण म्हणणार होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी आडून सुरुवात केली. जेवताना म्हणाल्या, तुमची ती खालची खोली बंदच असते ना रे? निहार म्हणाला, हो, तिथे व्यायामाची सायकल ठेवायचा विचार आहे. काकूंनी घास गिळला. दुपारी म्हणाल्या, त्या अपार्टमेंटमध्ये फोडणीचा वास आला तर शेजारचे तक्रार करतात म्हणे. निहारने लगेच फोन काढला आणि खिडकीत बसवायचा जास्त ताकदीचा पंखा शोधून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, तिथे कुणाला मराठी येत नाही. त्याने आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल ठरवून टाकले, मंगळवार आणि शनिवार, अनया मराठी वाचून दाखवेल. इंजिनीअर पडला ना. आईने अडचण सांगितली की हा सोडवून मोकळा. काकूंना वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. तुझ्याकडे कोण पंखा मागतंय?

हॉटेलवाल्या कुटुंबात तेरेसा नावाची म्हातारी होती, मालकाची आई. नव्वदीला टेकलेली, पाठीतून वाकलेली, पण स्वयंपाकघरावर करडी नजर. हॉटेलच्या मागेच त्यांचं घर. मुलगा, सून, नातवंडं सगळी एकत्र, आणि म्हातारी सगळ्यांवर ओरडत दिवसभर इकडून तिकडे. काकू तिच्याकडे टक लावून बघत बसायच्या. खोटं कशाला बोला, हेवा वाटत होता. तोही त्यांनी कामाला लावला. निहारला म्हणाल्या, बघ, या कशा मुलाकडे राहतात. निहार म्हणाला, "हो, पण सगळ्यांना ते जमत नाही. यू आर नॉट लाइक दॅट. तू किती इंडिपेंडंट आहेस. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगतो." बोलताना त्याचा चेहरा असा फुलला होता की काकूंना पुढे बोलवेना.

त्या संध्याकाळी जेवणात तेरेसाच्या हातची तोर्ता होती. पालक आणि चीज भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी म्हणा हवं तर. काकूंना ती फारच आवडली. तेरेसाने ते लांबूनच ओळखलं आणि स्वतः परात घेऊन टेबलाशी आली. काकू म्हणाल्या, नो नो, थँक यू. तेरेसा म्हणाली, खा, किती वाळली आहेस. काकूंनी ताटावर हात धरला, बोटं फाकवून. कितीतरी दिवसांनी त्या मनापासून हसत होत्या. तेरेसाने पुन्हा आग्रह केला, काकूंनी पुन्हा मान हलवली, आणि तेरेसाने सुरी घालून चांगला मोठा तुकडा उचललासुद्धा.

तेवढ्यात निहार पुढे झाला. अगदी नम्रपणे, पण ठामपणे म्हणाला, "प्लीज. शी सेड नो."

तेरेसाने त्याच्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि तुकडा परातीत ठेवून निघून गेली. निहारने टेबलाखाली आईचा हात दाबला आणि हळूच म्हणाला, आय गॉट यू, आई. आईचं रक्षण केलं होतं ना त्याने. काकू अर्धपोटी उठल्या आणि खोलीत जाऊन डब्यातली शंकरपाळी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नैना आणि अनया पायऱ्या उतरून खाली खडकांवर खेकडे बघायला गेल्या. निहार गच्चीवर लॅपटॉप उघडून बसला. काकू गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आल्या, मग खोलीत, मग पुन्हा गच्चीवर, मग चालत चालत मागच्या बाजूला, जिथे तेरेसा एकटी बसून जेवणाच्या टेबलांवरच्या रुमालांच्या घड्या घालत होती. काकूंनी न विचारता खुर्ची ओढली आणि ढिगातले निम्मे रुमाल आपल्याकडे घेतले. म्हातारीनेही नाही म्हटलं नाही.

घड्या घालता घालता बोलणं निघालं. दोघींचंही इंग्रजी आपापल्या गावचं, पण चाललं. तेरेसाने विचारलं, मुलाकडेच राहतेस का? काकूंनी काय झालं ते सांगितलं. एवढं सगळं सांगितलेलं पहिलं माणूस हेच. मुलाने विचारलं, मी नको म्हटलं. तेरेसाने विचारलं, किती वेळा विचारलं? काकू म्हणाल्या, एकदा. म्हातारी जी हसत सुटली ती ठसका लागेपर्यंत. पाणी प्यायली, डोळे पुसले, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली की माझ्या बहिणीने मला बोलावलं होतं, तिकडे, परत ये म्हणून. मीही असंच नाही म्हटलं. पत्रं यायला महिना लागायचा. पुढचं पत्र आलं ते ती गेल्याचं. काकूंचे हात थांबले. तेरेसाने त्यांच्या पुढ्यातले रुमाल ओढून घेतले आणि गच्चीकडे बोट दाखवलं. तो तिथे बसलाय, जा आणि सांग.

काकू उठल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, बर्फात एकटीने गाडी हाकलेली, नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन हॉस्पिटलात नेलेली, आणि पोटच्या पोराशी सरळ दोन वाक्यं बोलायची म्हटल्यावर तोंडाला कोरड. लाज वाटत होती, चक्क लाज. स्वतःच्या तोंडाने मागायचं म्हणजे ताट पुढे करून वाढा म्हणण्यासारखं.

निहारला म्हणाल्या, चल जरा पाय मोकळे करू. दोघं कड्याच्या कडेने निघाले. लाकडी कठडा, पलीकडे धुकं, खालून लाटांचा आवाज. काकू भराभर चालत होत्या आणि निहार मागून म्हणत होता, आई, स्लो डाउन. बाकड्यापाशी आल्यावर त्या वळल्या.

"निहार, तू मार्चमध्ये विचारलंस ना, आमच्याकडे येऊन राहशील का म्हणून. मी नको म्हटलं. ते खरं नव्हतं. मला यायचंय."

निहारला काही कळेचना. "खरं नव्हतं म्हणजे? तू क्लिअरली नको म्हणालीस."

"पहिल्यांदा नकोच म्हणतात रे. मला वाटलं, तू परत विचारशील."

तो कठड्याला टेकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम. भराभरा बोलायला लागला, अर्धं इंग्रजी, अर्धं मोडकं मराठी. त्या फोननंतर तो गॅरेजमध्ये गाडीत कितीतरी वेळ बसून राहिला होता. नैनाने त्या खोलीसाठी रंगसुद्धा निवडून ठेवला होता. सगळा उन्हाळा त्याला वाटत होतं की आईला आपल्यासोबत राहायचंच नाही, आणि तिला ऑकवर्ड होऊ नये म्हणून तो विषय टाळत होता. ये ना, म्हणाला, ऑफ कोर्स ये, मी आत्ता त्या अपार्टमेंटवाल्यांना फोन करून कॅन्सल करतो. आणि त्याने खरोखरच खिशातून फोन काढला.

काकू बाकावर बसल्या. बसल्या म्हणजे अंग टाकून बसल्या, पाठ टेकून. खालून अनयाचा आवाज आला, तिला काहीतरी सापडलं होतं. इतक्या महिन्यांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

निहार फोनवर नंबर शोधत होता. शोधता शोधता त्याचा अंगठा थांबला. त्याने फोन खाली केला, पण वर बघितलं नाही.

"आई," तो म्हणाला, "बाबा पण नको म्हणाले होते."

काकूंनी बाकाची पाठ सोडली.

"हॉस्पिटलमधून. फोनवर. मी विचारलं, मी येऊ का? आय आस्क्ड हिम. ते म्हणाले नको, तुझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, काम कर. सो आय डिडन्ट गो."

तो फोन काकांच्या कानाला काकूंनीच धरला होता. निहार म्हणाला मी येऊ का, आणि काका म्हणाले नको रे, आणि काकूंना त्यात काही वावगंसुद्धा वाटलं नव्हतं, कारण मुलगा येणारच हे दोघंही धरून चालले होते. त्यांनी तर घरी त्याची खोलीही झाडून ठेवली होती. फोन बंद झाल्यावर काका म्हणाले होते, उद्या सकाळपर्यंत पोचेल बघ. मग म्हणाले, माझी दाढी कर, पोराने मला असं बघायला नको. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची दाढी केली, हनुवटीपाशी जरासं कापलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांची मान दाराकडे होती. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं इतक्या लवकर गेले. यातलं एक अक्षरही काकूंनी निहारला सांगितलं नव्हतं. विमानतळावरून तो सरळ आला तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या की बाबांना त्रास झाला नाही.

आता तो समोर उभा होता. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि तोंड सहावीतल्या पोरासारखं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते काकूंना स्वच्छ दिसत होतं. आत्ताच तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने त्याला शिकवलं होतं, पहिलं नको खरं नसतं म्हणून. तोंड आवरून त्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "बाबांचं नको म्हणजे नकोच असायचं. ते माझ्यासारखे नव्हते. काम सोडून आला असतास तर रागावलेच असते."

निहारने मान वर केली. कितीतरी वेळ तो आईकडे बघत राहिला, आणि काकूंनी नजर हलू दिली नाही.

"खरंच?" त्याने विचारलं.

दुसऱ्यांदा विचारलं. जन्मात पहिल्यांदा या मुलाने एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली. मार्चपासून ज्यासाठी काकूंचा जीव टांगणीला लागला होता ते आलं, आणि आलं ते हे असं. दुसऱ्यांदा विचारलं की मनातलं खरं सांगून टाकायचं, हे लहानपणापासून त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं.

"खरंच," काकू म्हणाल्या.

"ओके," निहार म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे त्याने आईचा शब्द खरा मानला.